मनोऱ्याच्या सामीला क्षण

१० नोव्हेंबर

हरितानं आज शेवटचा रस्ताही बंद केला. व्हॉट्सॲप आधीच बंद होतं, आता इन्स्टावरही ब्लॉक! बरं झालं.

बरं कुठे झालं.

हे मराठी अक्षरांत लिहितोय ते उगाच नाही. तमिळमध्ये लिहिलं तर आई वाचेल, इंग्रजीत लिहिलं तर अप्पा. आमच्याकडे मराठी सगळे बोलतात, अक्षरं कुणालाच येत नाहीत. मला येतात, कारण दोन वर्षं दर रविवारी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या मराठीच्या वर्गाला जात होतो. भाषेच्या प्रेमापायी नव्हे — हरिता जात होती म्हणून! माझ्या ओळखीत ही वही वाचू शकेल असं माणूस एकच. ती कशाला वाचतेय.

सप्टेंबरात कॉलेजच्या कँटीनसमोर मी एका पोराचं नाक फोडलं. तो रोज हरिताला गाडीवर सोडत होता. नंतर कळलं, तो रमण — तिच्या काकांचा मुलगा. आत्तेभाऊ असता तर निदान मला काही बोलता आलं असतं, आमच्या गावाकडे आत्तेभावाशी लग्नं होतात. पण चुलतभाऊ! म्हणजे भाऊच! सगळं कँटीन हसलं. महिनाभर कॉलेजनं बाहेर काढलं. महिना संपला तरी मी परत गेलो नाही. घरी सांगितलं, मीच सोडलं, मला इंजिनियरिंगमध्ये रस नाही.

अप्पा रोज सकाळी दारात उभे राहून विचारतात, "इंजिनियर साहेब, उठलांत की?"

१२ नोव्हेंबर

दुपारभर मोबाइल. एका तमिळ चॅनलवर 'मनोरा सामी' नावाचा व्हिडिओ सापडला. मल्लिपट्टणमच्या पुढे मनोरा किल्ला आहे, तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत गेलं की ताडाच्या झावळ्यांची झोपडी. त्यात एकटा सामी. भगवं नाही, जटा नाहीत, कमरेला मळकी वेष्टी आणि छातीपर्यंत दाढी. कुणाशी फारसा बोलत नाही म्हणे. कोळ्यांना सरकारी अर्ज लिहून देतो, ते तांदूळ देतात. आत दोरीवर वाळत घातलेले कागदच कागद. व्हिडिओवाला विचारतो, "सामी, मनःशांतीचं रहस्य काय?" सामी समुद्राकडे बघतो. तेवढ्यात एक कुत्रं येऊन कागदांवर पाय देतं आणि सामी ओरडतो —

"हो तिकडे, मेल्या! कागद आहेत ते!"

मराठीत! आणि खाली त्यांनी लिहिलंय, 'सामींचा गूढ मंत्र'. हसून हसून पोट दुखलं. मग तेवढंच पुन्हा पुन्हा पाहिलं.

ठरलं. मी तिथे जाणार. चेला होणार. दाढी वाढवणार. कधीतरी हरिता नवऱ्याबरोबर मनोरा बघायला येईल, आणि मी समुद्राकडे बघत बसलेला असेन. बोलणार नाही!

१४ नोव्हेंबर

नीट क्रमानं लिहितो.

सकाळच्या बसमध्ये चढलो आणि बघतो तर पुढे खिडकीशी वसुमतीकाकू. तिची रोजचीच बस, माझ्या लक्षातच नव्हतं. मागच्या सीटवर खाली वाकून बसलो, शेजारच्या म्हातारीला वाटलं मला ओकारी येतेय. तिनं लिंबू दिलं.

काकू म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाची, तुकोजीकाकांची बायको. काका माझ्या जन्माआधी त्सुनामीत गेले. नागपट्टणच्या एका लॉजमध्ये त्यांची पिशवी सापडली, ते नाही. दर्भाचा पुतळा करून दहन केलं. काका सरकारी कारकून होते, म्हणून त्यांच्या जागी काकूला नोकरी मिळाली, ओरत्तनाडूच्या ऑफिसात. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. आता तिथे सगळे तिला घाबरतात.

ओरत्तनाडूला ती उतरली. मी पुढे पट्टुकोट्टै, तिथून मल्लिपट्टणम, मग वाळूतून चालत. झोपडीपाशी सामी पाठमोरा बसून एका कागदाला चिमटा लावत होता.

"यार नी?" त्यानं न बघताच तमिळमध्ये विचारलं. कोण तू.

मी मराठीत म्हटलं, "तंजावूरहून आलोंय, सामी. तुमचा चेला व्हायला."

हातातला चिमटा खाली पडला.

"कोणाचा तू?"

"कृष्णाजीरावांचा. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या."

"किट्टूचा?"

अप्पांना किट्टू म्हणणारी माणसं सगळी मेलीत. सामी वळला. डावी भुवई मधोमध तुटलेली, चेंडू लागून. आमच्या हॉलमध्ये चंदनाचा हार घातलेल्या फोटोतही ती तशीच तुटलेली आहे.

मोठ्या भावानं धाकट्याला पिंड द्यायचा नसतो. काकांना मूल नाही. म्हणून मुंज झाल्यापासून दरवर्षी मार्गशीर्ष पौर्णिमेला त्यांचं श्राद्ध मी घालतो. ज्या माणसाला मी पिंड देतो तो माणूस माझ्यासमोर बसून करंगळीनं कान खाजवत होता!

मी बहुतेक ओरडलो. काका म्हणाले, "ओरडू नको. कुत्री बिचकतात." मग पाणी दिलं. मग पहिला प्रश्न काय विचारावा माणसानं?

"माझ्या श्राद्धाचे वडे कोण करतं?"

"काकू."

मग काकांनीच विचारलं, "मऊ होतात की?"

"कडक."

"व्हायलाच पाहिजेत," म्हणाले.

निघताना त्यांनी माझा हात धरून समुद्रात बुडवला आणि शपथ घ्यायला लावली. कुणाला सांगायचं नाही, तिला तर नाहीच. "माझ्या मरणावर तिची नोकरी आहे. मी जिवंत झालो की तिचं जगणं खोटं ठरतं. कळालं की रे पोरा, तंबी?"

कळालं. शपथ घेतली.

१५ नोव्हेंबर

रात्री काकूनं ताटात दही वाढलं. मी मान वर केली नाही. "काय रे, भूत बघितलास की?" म्हणाली.

१८ नोव्हेंबर

पुन्हा गेलो. चेला वगैरे राहिलं बाजूला.

काकांनी मासळीची थर्मोकोलची पेटी पुढे सरकवली. वास! मी नाक धरलं तर म्हणाले, "मासे खात नाही रे, वास खातो. तेवढं पाप पुरे." पेटीत धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, त्यात कागद. चहाच्या दुकानातल्या कॅलेंडरची रोज फाडायची पानं असतात ना, राहुकाळवाली, ती ते मागून आणतात आणि मागच्या कोऱ्या बाजूला एक-दोन ओळी लिहितात. तमिळमध्ये. इतक्या वर्षांची पानं. "भिजतात, वाळवतो, मिसळतात. तू वर्षावार लाव. इंजिनियर ना तू?"

मी सोडलं, म्हटलं.

"का?"

सांगितलं. नाक, चुलतभाऊ, सगळं. हसतील वाटलं. हसले नाहीत. "मग परत का गेला नाहीस?"

"लाज वाटली."

काका एकदम उठून बाहेर गेले. मी पानं लावत बसलो.

'आज कुणाशी बोललो नाही. बरं वाटलं. संध्याकाळी वाईट वाटलं.'

'मीनवर कोळ्यांच्या बायका भात ठेवून पाया पडून गेल्या. मी बोलत नाही म्हणून मी मोठा. मी बोलत नाही कारण बोलायला तोंड नाही.'

'कुत्रीला चार पिल्लं. एक पांढरं.'

असंच सगळं. मात्र दरवर्षीच्या एका पानाला, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या, बसचं तिकीट टाचलेलं. पट्टुकोट्टै ते ओरत्तनाडू. त्याच्या पुढचं, तंजावूरपर्यंतचं, एकही नाही.

आत आले तेव्हा विचारलं. काकांनी सांगितलं ते जमेल तसं लिहितो. त्यांच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, श्राद्ध होतं. ब्राह्मण पानावर बसलेले. वाढताना अप्पा त्यांना कानाशी म्हणाले, "वाढ नीट, तुला पुढे वाढणारा कोणी नाही." मूल नाही त्यावरून. काकांचं डोकं फिरलं. त्यांनी पितरांचं वाढलेलं पान उचलून उलथं केलं. काकू मधे पडली, तिला ढकललं, ती सारूच्या उकळत्या पातेल्यावर गेली.

काकूच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत डाग आहे. आम्हाला लहानपणी सांगितलं होतं, फटाका.

"पिशवी घेतली आणि निघालो," काका म्हणाले. "राग उतरल्यावर दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. लाज वाटली. म्हटलं, उद्या. नागपट्टणच्या लॉजात पिशवी टाकून नुसता चालत सुटलो दक्षिणेला, दोन दिवस. मग समुद्र आला. मी उंच वाळूवर होतो. पंधरवड्यानं पेपरात मेलेल्यांच्या यादीत माझं नाव बघितलं. काय वाटलं असेल मला? सुटलो, असं वाटलं! माणसं रडूलालीत, प्रेतं काढूलालेत, आणि मी चहा पीत सुटलो म्हणतोय."

"मग हा संन्यास?"

"कसला संन्यास! लोकांनी लावलेलं नाव आहे. तू म्हणालास ते एकच खरं, लाज."

पौर्णिमेला ते ओरत्तनाडूपर्यंत जातात. तिथे स्टँडच्या बाजूला उभं राहून काकूच्या ऑफिसचं दार बघतात. "त्या दिवशी ती रजेवर असते," म्हणाले. "श्राद्ध असतं ना माझं. म्हणूनच तो दिवस बरा."

बसमध्ये मला हसू आणि रडू एकदम आलं.

२० नोव्हेंबर

हे लिहायला नको वाटतंय, म्हणूनच लिहितो.

दोरीवरचे कागद आणि त्यांच्यामागे काका असा एक फोटो मी काढला होता, ते झोपले होते तेव्हा. आईच्या मोबाइलवरून हरिताला पाठवला. 'मी शहाजी. बघ मी काय शोधलंय. हा साधा सामी नाही. माझे मेलेले काका आहेत!'

शपथ घेऊन आठवडाही झाला नव्हता.

पाचच मिनिटांत तिचं उत्तर आलं. दोन महिन्यांतलं पहिलं! खोलीत उड्या मारल्या मी. तिनं लिहिलं होतं, 'खरं? वसुमतीअत्तैंना माहीत आहे का?'

हरिताची आई आणि काकू दोघी शुक्रवारी एकाच देवळात जातात, ओळख जुनी.

मी लिहिलं — 'तू भेटलीस तर सगळं सांगतो.'

लिहिलं आणि पाठवलं. पाठवल्यावर वाचलं. काकांच्या आयुष्याचा मी सौदा केला, कशाबद्दल, तर तिच्याबरोबरच्या कपभर कापीबद्दल. पुसायला गेलो तोवर दोन निळ्या खुणा.

उत्तर नाही.

२१ नोव्हेंबर

नाही.

२४ नोव्हेंबर

काकू संध्याकाळी ऑफिसातून आली, पाय धुतले, आणि मला गच्चीवर बोलावलं. कपडे काढायला म्हणून. दोरीवर एकही कपडा नव्हता.

"कोठे भेटला तो?"

फोटोला सुद्धा काकू 'ते' म्हणायची. आज 'तो'.

मी जिन्याकडे बघितलं.

"हरिता आली होती ऑफिसात. सगळ्यांसमोर नाही, बाहेर झाडाखाली नेऊन फोटो दाखवलीन. रडूलाली ती, मी नाही." मग माझ्याकडे बघून, "परक्या पोरीनं सांगितलं मला, शाजी. ती बस बदलून आली सांगायला. आणि तू रोज माझ्या हातचं दही खाऊलालास."

मी सांगायला लागलो — शपथ, नोकरी, तुझ्याच भल्यासाठी — तर तिनं हात वर केला. डागाचाच हात.

"माझ्या भल्याचं तुम्ही दोघं ठरवणार? एक पळालेला, एक पळूलालेला?"

खाली अप्पा बातम्या ऐकत होते. ती हळूच बोलत होती. "मला तिथे बसवलं तेव्हा टाइपिंग येत नव्हतं. 'त्सुनामीची बाई' म्हणायचे. त्याच्या मरणाच्या कागदावर सही करून मी पगार घेतला, कपाळ पुसलं, त्याला वर्षातून एकदा वडे केले. तो मेलाच नाही, तर इतकी वर्षं मी कोण होते रे?"

मग म्हणाली, श्राद्ध होणार, नेहमीसारखं. अप्पांना यातलं काही सांगायचं नाही. आणि क्षण मात्र नीट द्यायचा.

क्षण म्हणजे — आदल्या दिवशी श्राद्ध करणाऱ्यानं ब्राह्मणाच्या घरी जाऊन सांगायचं, उद्या आमच्याकडे श्राद्ध आहे, आमच्या पितरांसाठी क्षण द्यावा. तो म्हणतो, "तथा". तथा म्हटलं की त्यानं यायचंच. त्याच्या रूपात पितर जेवतात.

"दोन पानांचे ब्राह्मण शास्त्री आणतील," काकू म्हणाली. "तिसरं, पितरांचं. त्याचा क्षण तू त्यालाच देऊन ये."

मला वाटलं तिचं डोकं फिरलं. पण ती शांतपणे रिकाम्या दोरीवरचे चिमटे काढत होती.

२७ नोव्हेंबर

लायब्ररीच्या वळणावर हरिता दिसली. मी सायकलवरून उतरलो, म्हटलं, सॉरी. आणि थँक्स. आणि सॉरी.

ती म्हणाली, "तुला काहीतरी सिद्ध करायचं असलं की दुसऱ्याचं नाक नाहीतर दुसऱ्याचा काका लागतो." आणि गेली.

खरं आहे, म्हणून जास्त लागलं. रमणला फोन लावला. उचलला नाही.

३ डिसेंबर

आधी शास्त्रींच्या घरी रीतसर क्षण देऊन आलो. मग बसनं मनोरा.

समुद्र खवळलेला. काका पेटीवर दगड ठेवत होते. मी ओल्या वाळूतच नमस्कार केला आणि म्हटलं, "उद्या आमच्याकडे तुकोजीरावांचं श्राद्ध आहे. पितरांसाठी क्षण द्यावा."

आधी हसले. दाढी हलेपर्यंत हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले.

"तिनं पाठवलं?"

"हो."

"कुणी सांगितलं तिला?"

मी खाली बघितलं. ते समजले. रागावतील वाटलं, तर पुढचं विचारलं, "हातावरचा डाग?"

"आहे."

काकांनी पेटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हे कागद तिला दे. मी येत नाही. आता या वयात मी त्या दारात उभा राहू? किट्टूसमोर? गल्लीतल्या सगळ्यांसमोर? लाज वाटते रे."

आणि माझं डोकं फिरलं. नेहमीसारखं. मी ओरडायला लागलो — तुम्ही सामी नाही, भित्रे आहात, तिच्या नोकरीचं नाव सांगून स्वतःला लपवता! — आणि पाय उचलून ती पेटी लाथाडली.

झाकण उडालं. वारा होताच. इतक्या वर्षांची पानं एकदम वर गेली, मग पाण्याकडे.

मी धावलो, तेही धावले. कमरेपर्यंत पाण्यात शिरून दोघं पानं वेचत होतो, कुत्री भुंकत होती. निम्मी गेली असतील. शाई उतरून पाणी निळं झालेलं बघितलं मी. माझ्याच हातांनी — नाही, पायांनी. एक पौर्णिमेचं तिकीट माझ्या बोटांत लगदा झालं.

काका वाळूवर एकेक पान पसरून त्यावर खडे ठेवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाढलेलं उलथं करायची आपल्या घरात रीतच आहे."

मी रडलो. त्यांनी रडू दिलं. निघताना पुन्हा नमस्कार करून विचारलं, "क्षण?"

'तथा' म्हणाले नाहीत. 'नाही' पण म्हणाले नाहीत.

४ डिसेंबर, पौर्णिमा

अंघोळ, ओली वेष्टी, जानवं उजव्या खांद्यावर. शास्त्रींनी दोन ब्राह्मण आणले. काकूनं तीन पानं मांडली. अप्पा विचारतात, "तिसरं कोणाचं?" काकू म्हणाली, "शाजीनं क्षण दिलाय." "कोणाला?" "आला की बघाल."

आला नाही कोणी. शास्त्री दर थोड्या वेळानं उन्हाकडे बघत. "मला कुंभकोणमला अजून एक आहे, अम्मा." दुपार उलटायला लागली तसे म्हणाले, ब्राह्मण आला नाही तर पाटावर दर्भ ठेवायचा, शास्त्रात आहे. ठेवला. पितरांच्या पानापुढे गवताची जुडी. आधीच्या वर्षांत काय वेगळं होतं म्हणा.

पिंडाला हात घातला. शास्त्री म्हणाले, नाव घ्या. माझ्या तोंडून नाव निघेना. जिवंत माणूस! काल त्यानं माझ्या ओल्या डोक्याला पंचा दिला होता! अप्पा कुजबुजले, "काय झालं रे, नाव विसरलास की?"

आणि मी बोललो. अप्पांना, सगळ्यांसमोर, पिंड हातात धरून. काका जिवंत आहेत, मनोऱ्याला आहेत, तिसरं पान त्यांचं होतं.

अप्पा आधी माझ्याकडे बघत राहिले, मग काकूकडे. ती दाराला टेकून उभी होती. तिनं मान हलवली, हो. अप्पा मटकन जमिनीवर बसले. "माझ्या एका वाक्यानं गेला तो," म्हणाले. एवढंच. एकवीस वर्षांत त्यांनी ते वाक्य कुणालाच सांगितलं नव्हतं, आईला सुद्धा. आईच्या तोंडावरून कळलं.

शास्त्रींनी पोथी मिटली. जिवंताचं घालता येत नाही. ब्राह्मण पानावरून उठले, दक्षिणा न घेता गेले. स्वयंपाक तसाच. वड्यांची परात तशीच.

पुढचं संध्याकाळचं.

गल्लीत दारोदारी तमिळ कार्तिकाच्या पणत्या होत्या, कालच्या उरलेल्या तेलावर. मी ओट्यावर बसलो होतो. कोपऱ्यावरून एक माणूस येताना दिसला. कधी दोन पावलं पुढे, कधी थांबायचा. धुतलेली वेष्टी, हातात थर्मोकोलची पेटी. दाढी कात्रीनं कशीतरी कापलेली. समोरच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. तो माणूस त्या सगळ्यांसमोरून मान खाली घालून चालत आला आणि आमच्या पायरीपाशी उभा राहिला.

मी उठलो. तोंड उघडणार तोच काका म्हणाले —

"तथा."

एक दिवस उशिरा.

अप्पा धावत बाहेर आले आणि काय करावं न कळून पुन्हा आत गेले. परत आले तेव्हा हातात स्वतःची कोरी वेष्टी. "भिजलायस तू," म्हणाले. काका अजिबात भिजले नव्हते.

काकू दारात आली. दोघांत उंबरा. ती म्हणाली, "पान उचललं."

"उशीर झाला," काका म्हणाले.

"झाला."

आई हळूच म्हणाली, सगळा स्वयंपाक आहे, वडे आहेत. काकूनं तिच्याकडे बघितलं सुद्धा नाही. "ते मेलेल्यासाठी केलं होतं." आत गेली. गॅस पेटवल्याचा आवाज. रवा भाजल्याचा वास. उपमा करून स्टीलच्या ताटलीत घालून आणला आणि ओट्यावर ठेवला. हातात दिला नाही.

काका खाली मान घालून खात होते. मीठ विसरली होती ती. ताटली पुसून सगळा खाल्ला त्यांनी. काकू उभी राहून बघत होती. पेटी तिनं हात न लावता पायानं भिंतीकडे सरकवली.

५ डिसेंबर

काका रात्री ओट्यावरच झोपले. काकू सकाळी त्यांना ओलांडून बसला गेली. संध्याकाळी आली, चपला काढल्या, म्हणाली, "साहेबांना लिहून दिलं. नवरा जिवंत आहे म्हणून." अप्पा किंचाळलेच, "नोकरी?" "बघतील ते." मग काका आल्यापासून पहिल्यांदा सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "कोळ्यांचे अर्ज लिहूलालास ना? उद्या सकाळी माझ्याबरोबर बसमध्ये चढ. ओरत्तनाडूला उतरायचं, दारातून आत यायचं, आणि जिवंत असल्याचा अर्ज तुझा तू लिहायचा."